शासकीय वाक्यातला हरवलेला कर्ता : मोपा पठाराच्या निमित्ताने एक अभ्यास

शाळेत आपण मुलांना सूचना लिहायला शिकवतो. आलेली सूचना वाचायला मात्र शिकवत नाही. उपयोजित लेखनात पत्र असते, बातमी असते, सूचनाफलक असतो. मसुदा नेटका झाला, तारीख आणि मायना जागच्या जागी बसला, की गुण मिळतात. त्याच मुलाच्या घरी भूसंपादनाची नोटीस येते किंवा पंचायतीच्या फलकावर जनसुनावणीचा कागद लागतो, तेव्हा घरातला सर्वांत जास्त शिकलेला म्हणून तो कागद त्याच्याच हातात दिला जातो. तो अक्षरे वाचतो, शब्दही वाचतो. पण या वाक्यात नक्की कोण बोलतो आहे, काय ठरले आहे, का ठरले आहे आणि आपल्याला बोलायला किती दिवस आहेत, हे त्याला सांगता येत नाही. दोष त्याचा नाही. ही भाषा वाचण्याची रीत आपण कधी अभ्यासाचा विषय केलेली नाही.

प्रस्तुत लेखात तो प्रयत्न पेडणे तालुक्यातील मोपा पठाराच्या आधाराने केला आहे. विमानतळ हवा होता की नको, हा वाद इथे मांडायचा नाही. एकाच घरात काजूची झाडे गेली म्हणून हळहळणारी आजी आणि विमानतळावर नोकरी लागली म्हणून घर सावरलेला नातू असू शकतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. इथला प्रश्न वेगळा आहे. सत्ता नागरिकाशी बहुतेक वेळा कागदावरून बोलते. मग त्या कागदाच्या व्याकरणाचा नागरिकाच्या हक्काशी काय संबंध असतो?

आधी घटनाक्रम थोडक्यात. मोपाच्या विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता मार्च २००० मध्ये मिळाली. मोपासह वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे, अमेरे या गावांच्या जमिनींशी प्रकल्पाचा संबंध आला. १ फेब्रुवारी २०१५ रोजी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणीय मंजुरी मिळाली. गोव्यातील एक नागरिक आणि ‘रेनबो वॉरिअर्स’ ही संस्था यांनी तिला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ साली मंजुरी कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती स्थगित केली आणि १६ जानेवारी २०२० रोजी ती स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्‍घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. या तारखांच्या मधल्या जागेत आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

जमिनीपासून सुरुवात करू. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात दोन शब्दप्रयोगांवर सगळा डोलारा उभा होता : ‘सार्वजनिक प्रयोजन’ आणि ‘हितसंबंधित व्यक्ती’. पहिल्याने सरकारला जमीन घेण्याचा अधिकार मिळे, दुसऱ्याने कोणाचे ऐकून घ्यायचे ते ठरे. ऐकून घेण्याची तरतूद मूळ कायद्यात नव्हतीच. ती कलम ५-अ म्हणून १९२३ साली घालण्यात आली. अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत घ्यायची, जिल्हाधिकाऱ्यांनी ती ऐकायची. पण कलम १७ मध्ये एक खिडकी होती. ‘तातडी’ हा शब्द लिहिला, की हरकतीची पायरीच वगळता येई. एका शब्दाने एक हक्क पुसला जाई, याचे यापेक्षा उघड उदाहरण आपल्या कायद्यांत क्वचित सापडेल. न्यायालयांनी पुढे वारंवार विचारले, की जिथे फायली वर्षानुवर्षे पडून होत्या, तिथे ३० दिवस थांबण्याइतकीही सवड का नव्हती?

‘हितसंबंधित’ या शब्दाची गोव्यातली अडचण आणखी निराळी. पेडणे हा नव्या काबिजादीतला तालुका. इथे जमिनीचा मालक एक, कसणारा दुसरा आणि पठारावर गुरे चारणारा तिसरा, अशी स्थिती पिढ्यान् पिढ्या होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर मालकाचे नाव असते, कधी कुळाच्या रकान्यात कसणाऱ्याचे असते. पठारावरच्या धनगराचे नाव कोणत्या रकान्यात शोधायचे? नोटीस नावाच्या मागे जाते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याला नोटीस नाही, आणि नोटीस नाही त्याची हरकतही नाही. २०१३ च्या नव्या कायद्याने ही व्याख्या रुंदावली. जमिनीची मालकी नसली तरी तीन वर्षे तिथे राबून पोट भरणारे कुटुंब ‘बाधित कुटुंबां’त धरले जाते, आणि सामाजिक परिणामांचा अहवाल स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. व्याख्येतल्या दोन-तीन ओळी बदलल्या आणि आतापर्यंत न दिसलेली माणसे कायद्याला दिसू लागली.

आता वाक्यरचनेकडे वळू. नमुन्यादाखल मीच रचलेले एक वाक्य घेतो. अशी वाक्ये वाचकांनी शेकडो वाचली असतील : ‘उपरोक्त जागेत अनधिकृत वापर होत असल्याचे निदर्शनास आले असून, सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशान्वये सदर परवानगी रद्द करण्यात येत आहे.’ या वाक्यात क्रिया तीन आहेत आणि माणूस एकही नाही. कोणाच्या निदर्शनास आले? कधी आणि कशावरून? सक्षम प्राधिकारी म्हणजे मामलेदार, उपजिल्हाधिकारी की मंत्रालयातला सचिव? आणि रद्द ‘करण्यात येत आहे’ म्हणजे कोण करत आहे?

आपण वर्गात कर्मणी प्रयोग शिकवतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद कर्माच्या मागे गेले तरी मुलगा तृतीयेत का होईना, हजर असतो. ‘आंबा खाण्यात आला’ म्हटले की मुलगा झाडावरून उतरून पसार झालेला असतो. ‘-ण्यात येणे’ ही रचना शासकीय मराठीने इतकी आपलीशी केली, की तिच्यावाचून आदेश निघूच शकत नाही असे कारकुनालाही वाटते. याच्याही पलीकडे आपल्याकडे भावकर्तरी प्रयोग आहे : ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’. तिथे कर्ता विचारणेच वेडेपणाचे. उजाडण्याला कोण जबाबदार? अनेक शासकीय निर्णय हे असे उजाडतात. सकाळी उठून पाहावे, तर परवानगी रद्द झालेली असते.

प्रत्येक कर्तृहीन वाक्यामागे लपवाछपवी असते असे मात्र समजू नये. आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो, अधिकारी बदलला तरी आदेश टिकला पाहिजे, हा त्यामागचा विचार रास्त आहे. म्हणूनच ‘निम्नस्वाक्षरीकार’ हा अवजड शब्द मला, ऐकायला कसाही वाटला तरी, बरा वाटतो : निदान खाली सही करणारा कोणीतरी आहे, अशी कबुली त्यात आहे. तपासायचे ते एवढेच, की वाक्यातून माणूस गेला तरी पद उरले आहे की तेही गेले?

हा व्याकरणाचा छांदिष्टपणा नव्हे, हे सांगणारा एक खटला मुंबईचा आहे. अंधेरीला एका जागेवर सिनेमागृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी १९४७ साली दिली आणि त्याच वर्षी काढून घेतली. काढून घेणाऱ्या पत्रातल्या वाक्याचा आशय असा होता, की परवानगी रद्द झाल्याचे तुम्हाला कळवावे असा मला सरकारचा आदेश आहे. कायद्याने हा अधिकार आयुक्तांचा होता. त्यांनी स्वतः विचार करून निर्णय घ्यायचा होता. पुढे आयुक्तांतर्फे सांगण्यात आले, की निर्णय वास्तविक माझाच होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरधनदास भानजी’ खटल्यात ते म्हणणे नाकारले. आदेशाचा अर्थ आदेशाच्या शब्दांवरून लावायचा. काढणाऱ्याच्या मनात काय होते हे त्याने मागाहून सांगून चालणार नाही. त्या पत्रातला आयुक्त हा कर्ता नव्हता, निरोप्या होता. म्हणून रद्द करण्याचा तो आदेश टिकला नाही. एका वाक्यातला कर्ता कोण, एवढ्यावर निकाल फिरला. डिसेंबर १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोहिंदरसिंग गिल खटल्यात याच निकालाचा आधार घेऊन सांगितले, की आदेशात जी कारणे दिली आहेत त्यांवरच तो तरला किंवा बुडाला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्रे जोडून त्याला नवी कारणे चिकटवता येत नाहीत.

कर्ता सापडला तरी कारण हरवू शकते. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सर्वसाधारण जनतेच्या हितास्तव’ जप्त झाला. त्यांनी कारणे मागितली, तर जनतेच्या हितास्तव कारणेही देता येत नाहीत असे उत्तर मिळाले. तोच शब्दसमूह आधी निर्णयासाठी आणि मग मौनासाठी वापरला गेला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले, की व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती कायद्यात नुसती लिहिलेली असून भागत नाही; ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. नागरी स्वातंत्र्यावरच्या पुढच्या अनेक निकालांचे मूळ इथे आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने यातून उचलायचे ते हे, की ‘जनहितार्थ’ हा शब्द कारण नव्हे. कारण जिथे यायला हवे ती जागा तो अडवून बसतो.

गोव्यातल्या जुन्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही. सभेला परवानगी, छपाईला परवानगी, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवरही सेन्सॉरची नजर, असे दिवस त्यांनी पाहिले किंवा घरात ऐकले आहेत. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा पहिली मागणी सत्तांतराची नव्हती. परवानगीवाचून बोलण्याची होती. त्या राजवटीत कारण विचारणे हाच गुन्हा ठरू शकत होता. आज तो गुन्हा नाही. पण विचारण्याची सवय आपल्याला किती लागली आहे, हा प्रश्न उरतो.

आता पुन्हा पठारावर येऊ. पर्यावरणीय मंजुरीसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे एक अर्ज भरावा लागतो, फॉर्म १. त्यात प्रकल्पाच्या जागेपासून १५ किलोमीटरच्या परिसरात संरक्षित क्षेत्रे, वने, पाणथळ जागा, जलप्रवाह अशी संवेदनशील ठिकाणे कोणती आहेत, हे रकान्यांत नोंदवायचे असते. मोपा पठारावरून १५ किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर ते राज्याची सीमा ओलांडून सिंधुदुर्गात शिरते. जंगलाला आणि ओहोळांना गोवा-महाराष्ट्र ठाऊक नसते. अर्जाला मात्र असते. सर्वोच्च न्यायालयाला असे आढळले, की या रकान्यांत जे सांगायला हवे होते ते सांगितले गेले नव्हते. अर्जातली माहिती अपुरी, त्यावर बेतलेला अहवाल अपुरा. झाडांचेही तसेच. पुढे तोडायच्या झाडांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली; अहवाल वाचून त्या पठारावर इतकी झाडे असतील अशी कल्पना कोणाला आली नसती.

इथे लक्षात घ्यायला हवे, की या प्रकल्पाचा पुरस्कर्ता म्हणजे खुद्द गोवा सरकार होते. अर्ज भरणारेही सरकार आणि मंजुरी देणारेही सरकार, एक पणजीचे आणि एक दिल्लीचे. अशा वेळी मध्ये उभी असते ती तज्ज्ञ मूल्यांकन समिती. तिने हरकती वाचायच्या, अहवाल तपासायचा आणि शिफारस का करते हे लिहायचे. न्यायालयाने या समितीच्या इतिवृत्तात कारणे शोधली आणि ती सापडली नाहीत. शिफारस होती, अटी होत्या, पण हरकतींचा विचार कसा झाला याचा माग नव्हता. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने मंजुरी स्थगित करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. हा निकाल पर्यावरणाचा म्हणून ओळखला जातो. मी तो मजकुराच्या प्रामाणिकपणाचा निकाल म्हणूनही वाचतो : रकाना रिकामा ठेवणे हेही एक विधान असते, आणि त्याची जबाबदारी भरणाऱ्यावर असते.

पुढे समितीने पुन्हा विचार केला, जादा अटी सुचवल्या, मंत्रालयाने त्या स्वीकारल्या. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेकडे सोपवले. विमानतळ झाला. मग वाक्ये तपासून काय साधले, असे कोणी विचारील. कागदावर नसलेल्या अटी कागदावर आल्या, देखरेख करणाऱ्या संस्थेचे नाव आले. हे थोडे नाही. तरी एक सल राहतो. कारणे आधी आणि निर्णय नंतर, हा स्वाभाविक क्रम इथे उलटा झाला. निर्णय उभा होता आणि त्याला कारणांचा टेकू मागाहून दिला गेला. अंधेरीच्या सिनेमागृहाच्या बाबतीत जी गोष्ट न्यायालयाने आयुक्तांना करू दिली नव्हती, तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे, असे माझे मत आहे. मंजुरी रद्द न करता स्थगित ठेवली, म्हणून दोन्हींत कायदेशीर फरक आहे, हे मान्य. पण ज्याच्या दारासमोर यंत्र उभे राहिले होते त्याला तो फरक कितपत जाणवला असेल?

जनसुनावणीबद्दल स्वतंत्र लिहायला हवे, कारण इथे भाषेच्या शिक्षकाला प्रत्यक्ष काम आहे. २००६ ची अधिसूचना सांगते, की अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या राजभाषेत किंवा स्थानिक भाषेत द्यायचा. सुनावणीची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी द्यायची. आणि सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना वाचून दाखवून स्थानिक भाषेत समजावून सांगायचा, मगच त्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची सही व्हायची. ही शेवटची तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. भाषणे झाली, घोषणा झाल्या, की लोक घरी जातात आणि गोषवारा रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवला जातो. वास्तविक सुनावणीतला सर्वांत मोलाचा क्षण तोच. आपण जे बोललो ते तिथे कसे उतरले? ‘पठारावरचे झरे आटतील तर खालच्या बागायतीचे काय’ हा प्रश्न ‘काही ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका उपस्थित केली’ असा झाला असेल, तर झरा गेला, बागायत गेली, राहिली ती शंका. हे सहीपूर्वी दुरुस्त करून घेता येते. त्यासाठी कोणीतरी बसून राहावे लागते आणि त्याला सारांशलेखन कळावे लागते.

स्थानिक भाषा कोणती, याचा वाद गोव्यात लवकर संपत नाही आणि तो इथे उकरून काढण्याचे कारण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही सोय ठेवली. पठारावरच्या बाईला समजेल अशा शब्दांत सांगितले की नाही, एवढीच कसोटी लावावी. २०२० साली केंद्राने पर्यावरण मूल्यांकनाची नवी मसुदा-अधिसूचना काढली. हरकतींसाठी लोकांना मिळणारे ३० दिवस २० वर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता, आणि हा मसुदा हिंदी-इंग्रजीतच होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतरित करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. म्हणजे भाषांतर ही कृपा नसून म्हणणे मांडण्याच्या हक्काचा भाग आहे, असा त्याचा अर्थ. भाषांतर करणाऱ्यांनी मात्र ‘निर्देशित’, ‘प्रस्तावक’, ‘संवेदी क्षेत्र’ असे शब्द ओतून मूळ इंग्रजीहून कठीण मराठी तयार केली, तर हक्क पुन्हा कुलपातच राहतो.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. नववी-दहावीच्या मुलांना वर्तमानपत्रातली एखादी जाहीर सूचना आणायला सांगावी. प्रत्येक ‘-ण्यात येत आहे’ शोधून ते वाक्य कर्तरी प्रयोगात लिहायला लावावे. कर्ता मजकुरात सापडत नसेल, तिथे रिकामी जागा ठेवायची. अंदाजाने भरायची नाही. ‘नियमानुसार’ दिसले की कोणता नियम हे समासात लिहायचे. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ यांतला भेदही इथेच शिकवता येतो : पहिलीत काम पुढे सरकते, दुसरीत कोणाला तरी दंड बसतो, आणि दोन्ही शब्दांची अदलाबदल झालेली सूचना माणसाची झोप उडवू शकते. अर्ध्या तासात मुलांच्या वह्यांत रिकाम्या जागांची एक रांग तयार होते.

वरच्या वर्गांनी पुढचे पाऊल टाकावे आणि त्या रिकाम्या जागा माहितीच्या अधिकाराखाली भरून मागाव्यात. या विषयात गोवा मागे नव्हता. राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ चा आहे, केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधीचा. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे कलम ४(१)(घ) तर सांगते, की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला आपणहून द्यायची असतात. पण अर्ज लिहिताना एक खाचखळगा सांभाळावा लागतो. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका प्रकरणात म्हटले, की ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर बसत नाही. जे कागदावर आहे तेवढीच माहिती. म्हणून ‘परवानगी का रद्द केली?’ असे विचारले, तर अर्ज निकालात निघतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘अमुक तारखेच्या आदेशाआधी या विषयावर फाइलमध्ये ज्या टिपण्या लिहिल्या गेल्या त्यांच्या प्रती, ज्या बैठकीत निर्णय झाला तिचे इतिवृत्त, आणि ‘निदर्शनास आले’ असे ज्या पाहणीच्या आधारे म्हटले त्या पाहणीचा अहवाल व त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम द्यावे.’ शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पाहणी झालीच नसेल, तर तसा अहवाल उपलब्ध नाही असे लेखी उत्तर येते. ते उत्तर तारखेसह जपून ठेवावे.